वर्षाच्या शेवटच्या रात्री कोण कुठं जेवतं

कामं आटोपली का? नसतील तर हात चालू राहू द्या, कान तेवढे इकडं द्या.

आज आम्ही तुम्हाला चीनमधल्या एका घरच्या चुलीपाशी नेणार आहोत. तुम्ही म्हणाल, बचत गटाच्या बायका हप्ते सोडून चीनला कशा पोहोचल्या? तर आमच्या गटातल्या एका ताईंची मुलगी चीनमध्ये डॉक्टरकी शिकली. आता ती इकडं परत येऊन इंटर्नशिप करते. मागच्या बैठकीला आईला सोडायला आली आणि आम्ही तिला बसवूनच घेतलं. ती मोबाइलवर फोटो दाखवायची आणि आम्ही विचारायचो. दोन तास कसे गेले ते कळलं नाही, त्या दिवशीचं इतिवृत्त लिहायचंसुद्धा राहिलं.

आधी आमचाच एक गैरसमज सांगतो. चायनीज म्हटलं की आपल्याला बाजारातली लाल गाडी आठवते. मंचुरियन, शेजवान, लालभडक भात. आम्ही तिला विचारलं, तिकडं रोज मंचुरियनच खात होतीस का? ती हसायलाच लागली. म्हणाली, मावशी, तिकडं मंचुरियन कुणाला माहीतसुद्धा नाही. कोलकात्याच्या चिनी कुटुंबात वाढलेले नेल्सन वाँग मुंबईत आचारी होते, त्यांनी १९७५ साली ते पहिल्यांदा केलं असं सांगतात. आलं, लसूण, हिरवी मिरची आपली आणि वर सोया सॉस. म्हणजे गाडीवरचं चायनीज हे आपल्याच मुलखातलं लेकरू आहे, फक्त कपडे चिनी घातलेत.

मग चीनच्या घरात शिजतं तरी काय?

ही मुलगी होती उत्तर चीनमध्ये, हेबेई प्रांतात. तिथं भात रोजचा नाही. चीनच्या दक्षिणेला भात आणि उत्तरेला गहू, अशी साधारण वाटणी आहे. त्यामुळे हेबेईतल्या खेड्यात सकाळी राळ्याची पातळ खीर असते, बिनसाखरेची, आपल्या पेजेसारखी. राळा म्हणजे तेच बारीक पिवळं धान्य, जे आपल्या आज्या पिकवायच्या आणि आता पुन्हा दुकानात महाग मिळायला लागलंय. बाळंतिणीलासुद्धा महिनाभर हीच राळ्याची खीर, त्यात लाल साखर आणि अंडी. बाळंतिणीनं महिनाभर घराबाहेर पडायचं नाही, गार पाण्यात हात घालायचा नाही. हे ऐकून आमच्यातल्या दोघी म्हणाल्या, म्हणजे सवा महिनाच की!

पोळी-भाकरीच्या जागी मांतोऊ असतो. गव्हाचं पीठ आंबवायचं, मुठीएवढे गोळे करायचे आणि वाफवायचे. पांढरे, मऊ, फुगलेले. त्याच्याबरोबर कोबी, बटाटा, टोफू, थोडं मांस आणि खारवलेल्या भाजीचं लोणचं. भाज्या अगदी बारीक चिरतात आणि मोठ्या जाळावर भराभर परततात. जळण कमी, म्हणून शिजायला वेळ लागू नये अशी ही जुनी सोय, असं सांगतात. ताटापाशी सुरी येतच नाही, सगळं कापणं स्वयंपाकघरातच उरकलेलं असतं.

आणि चुलीची गंमत ऐका. जुन्या घरात चुलीचा धूर थेट बाहेर जात नाही. तो शेजारच्या खोलीतल्या विटांच्या ओट्याखालून फिरवून मग धुराड्यातून बाहेर सोडतात. त्या ओट्याला खांग म्हणतात. त्यावर झोपायचं, त्यावरच बुटकं टेबल मांडून जेवायचं. बाहेर पाणी गोठतंय आणि संध्याकाळच्या स्वयंपाकाच्या धुरावर रात्रभर अंथरूण गरम राहतंय. आपण त्या धुरानं नुसते डोळे चोळत बसलो.

तर या मुलीच्या वर्गातली एक चिनी मैत्रीण तिला आपल्या गावी घेऊन गेली. साल २०१९. त्यांचं नवं वर्ष त्या वेळी ५ फेब्रुवारीला होतं. त्यांचं पंचांग चंद्रावर चालतं, म्हणून आपल्या सणांसारखी तारीख दरवर्षी हलते. मुलगी आठवडाभर आधी, बाराव्या महिन्याच्या तेविसाव्या दिवशी पोहोचली. दारात आजी उभी. ही कुठली, असं आजीनं विचारलं. भारतातली, महाराष्ट्रातली, असं मैत्रिणीनं सांगितलं. तर आजी म्हणाली, "म्हणजे ख दिहुआंच्या गावची?"

हे ख दिहुआ म्हणजे आपल्या सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस. १९३८ साली जखमी सैनिकांची सेवा करायला ते चीनला गेले, तिथल्याच परिचारिकेशी त्यांनी लग्न केलं आणि १९४२ साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, याच हेबेईत त्यांचा अंत झाला. तिथली म्हातारी माणसं त्यांना अजून विसरलेली नाहीत. पोरीला पाहुणी म्हणून आत घेतलं ते त्या नावावर.

घरात कोण कोण ते सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. आजी, तेव्हा बहात्तर वर्षांची. तिचा थोरला मुलगा आणि थोरली सून, म्हणजे मैत्रिणीचे आई-वडील, गावात राहून शेती बघणारे. मैत्रिणीचा धाकटा भाऊ. आणि आजीजवळ राहणारी एक सहा वर्षांची नात, धाकट्या मुलाची. धाकटा मुलगा आणि धाकटी सून दोघंही थ्येनचिन शहरात कारखान्यात कामाला. शहरातल्या सरकारी शाळेत बाहेरगावच्या मुलांना सहजी प्रवेश मिळत नाही, म्हणून पोर गावी. चीनमध्ये अशी आजी-आजोबांकडे वाढणारी मुलं खेडोपाडी आहेत. आई-बाप वर्षातून एकदा येतात, ते या सणाला.

सण एका दिवसाचा नाही, तयारी आठवडाभर. कुठल्या दिवशी काय करायचं ते लहान मुलांना गाण्यातूनच पाठ असतं. चोवीसला घर झाडायचं, पंचविसाला टोफू करायचा, मग मांस, मग कोंबडा, अठ्ठाविसाला पीठ आंबवायचं, एकोणतिसाला मांतोऊ वाफवायचे आणि तिसाव्या रात्री जागायचं. आमच्या एक आजी म्हणाल्या, पोरं गाणं म्हणतात आणि काम बाया करतात.

पण पहिला मान तेविसाव्या दिवशी चुलीच्या देवाला. चुलीच्या वर भिंतीवर त्याचं रंगीत चित्र चिकटवलेलं असतं. तो वर्षभर घरातलं सगळं बघतो आणि या दिवशी स्वर्गात जाऊन मोठ्या देवाला सांगतो, या घरात कोण कसं वागलं, कोण भांडलं, कुणी अन्न टाकलं. म्हणून जायच्या आधी त्याच्या तोंडाला चिकट गोड लावतात. मोड आलेल्या धान्यापासून केलेली ती मिठाई असते, दाताला चिकटली तर सुटत नाही. देवानं वर जाऊन गोडच बोलावं, नाहीतर तोंडच उघडू नये! मग जुनं चित्र जाळायचं आणि वर्षाअखेर नवं लावायचं.

आता ऐका. जुन्या रीतीनं या चुलीच्या देवाची पूजा बाईनं करायची नाही. पुरुषानं करायची. वर्षभर चुलीपुढं बसणार ती, धूर खाणार ती आणि देव निघाला की त्याला निरोप द्यायला तो. हे ऐकल्यावर बैठकीत जो गलका झाला तो सांगता येत नाही. आजकाल बऱ्याच घरांत ही रीत कुणी इतकी पाळत नाही. त्या घरात मात्र थोरल्या मुलानंच उदबत्ती लावली. थोरली सून तेव्हा मागं उभी राहून टोफूसाठी सोयाबीन निवडत होती.

अठ्ठाविसाव्या, एकोणतिसाव्या दिवशी मांतोऊची रास पडते. मोठ्या लोखंडी कढईवर चाळण्यांचे थरावर थर. काही मांतोऊंना पाकळ्या काढून त्यात लाल बोरं खोचतात, ते देवापुढं ठेवायला आणि लेकीच्या घरी द्यायला. ही बोरं आपल्याच बोराची भावंडं आहेत, पण खजुराएवढी आणि गोड. हेबेईत त्यांच्या बागाच आहेत. शेकड्यानं मांतोऊ करून बाहेरच्या थंड खोलीत रांजणात ठेवून द्यायचे, दगडासारखे गोठतात. पुढं पंधरा दिवस काढायचे, वाफवायचे, खायचे. सणाच्या पहिल्या दिवशी सुरी हातात घ्यायची नाही आणि केर काढायचा नाही, नशीब झाडलं जातं म्हणतात. आम्हाला वाटतं, ही रीत कुणीतरी दमलेल्या बाईनंच काढली असणार.

आजी मांतोऊचा तुकडासुद्धा वाया जाऊ देत नव्हती. टेबलावर पडलेला चुरा बोटानं टिपून खायची. नातवंडं हसायची. एका संध्याकाळी तिनं या मुलीला का ते सांगितलं. १९५८ साली ती अकरा वर्षांची होती. तेव्हा सगळ्या गावांचे कम्यून झाले आणि घरोघरच्या चुली बंद करून गावाचं एकच भोजनगृह सुरू झालं. घरातल्या कढया, पातेलीसुद्धा लोखंड वितळवायला उचलून नेली. बायकांना चुलीतून सोडवायचं, असं तेव्हा सांगितलं होतं. सुरुवातीला सगळ्यांनी पोटभर खाल्लं. मग धान्य संपलं. १९५९ ते १९६१ या तीन वर्षांत चीनमध्ये फार मोठा दुष्काळ पडला, कोट्यवधी माणसं गेली. तिची आई वाडगा घेऊन भोजनगृहाच्या रांगेत उभी राहायची आणि वाडग्यात यायचं ते पाणीच. घरी शिजवायला ना धान्य, ना भांडं. ती भोजनगृहं बंद झाली आणि घरी कढई परत आली, तेव्हा तिच्या आईनं पहिल्यांदा काय शिजवलं ते आजीला आठवत नाही. आई रडत होती, एवढंच आठवतं. पुढं १९९३ पर्यंत धान्य कूपनावर मिळत होतं. म्हणून त्या देशात माणूस माणसाला भेटला की जुन्या माणसांच्या तोंडी अजून पहिला शब्द येतो, "जेवलात का?"

बैठकीत यानंतर थोडा वेळ कुणी बोललं नाही. आमच्यातल्या ज्यांनी बहात्तरचा दुष्काळ पाहिलाय, खडी फोडलीय, सुकडी खाल्लीय, त्यांनी नुसती मान हलवली.

आता शेवटच्या रात्रीचं जेवण. धाकटा मुलगा आणि सून त्याच दुपारी पोहोचले. रेल्वेत उभं राहून आले. सणाच्या आगेमागे चाळीस दिवस चीनमध्ये गाड्यांना जागा नसते, सगळा देश घरी निघालेला असतो. सहा वर्षांची पोर आईला बघून आजीमागं लपली. आईनं शहरातून आणलेला नवा कोट तिनं घालून घेतला, पण हात धरू दिला नाही. धाकटी सून काही बोलली नाही. बाह्या सारल्या आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन पीठ मळायला बसली.

उत्तरेत या रात्री ज्याओझ लागतातच. म्हणजे आपल्या करंज्यांसारखंच, पण छोटे, तिखटमिठाचे आणि उकडलेले. सगळं घर मिळून करतं. एक जण लाटतो, बाकीचे भरतात. आकार जुन्या काळच्या चांदीच्या लगडीसारखा, म्हणजे पैसा येतो. एकात नाणं लपवतात, ज्याला मिळेल त्याचं वर्ष चांगलं. सारण डुकराचं मांस आणि लांबट पांढऱ्या कोबीचं. आमची मुलगी मांस खात नाही, अंडं खाते. थोरल्या सुनेनं तिच्यासाठी लसणीच्या पातीसारखी एक पात आणि अंड्याचं सारण वेगळं केलं. आजी म्हणाली, संकोच करू नकोस, वर्षाच्या पहिल्या दिवशी आमच्याकडं बिनमांसाचेच ज्याओझ खातात, वर्ष शांत जावं म्हणून.

तुम्हाला करून बघायचे असतील तर सांगतो. आम्ही केले आणि पहिली खेप फुटली, म्हणून आता नीट सांगू शकतो. मैदा किंवा बारीक कणीक गार पाण्यात घट्ट मळून अर्धा तास झाकून ठेवायची. कोबी बारीक चिरून मीठ लावायचं आणि दहा मिनिटांनी फडक्यात घालून पिळून काढायचा. आम्ही पिळला नाही, तिथंच चुकलं. त्यात गाजर, कांद्याची पात, आलं, परतून चुरलेलं अंडं किंवा पनीर आणि थोडं तेल. पारी सुपारीएवढ्या गोळीची, मध्ये जाड आणि कडेला पातळ. मोदकाची पारी जिला जमते तिला हे दोन मिनिटांत जमतं. कडा दाबून बंद करायच्या आणि उकळत्या पाण्यात सोडायचे. पाणी उसळलं की वाटीभर गार पाणी घालायचं. असं तीनदा. वर तरंगले, फुगले की झाले. उकडलेलं पाणी टाकत नाहीत, तेच वाटीत घेऊन पितात.

सोबत व्हिनेगर आणि हिरवा लसूण. हिरवा म्हणजे पातीचा नव्हे. बाराव्या महिन्याच्या आठव्या दिवशी सोललेल्या पाकळ्या व्हिनेगरमध्ये घालून थंडीत ठेवतात, त्या सणापर्यंत पाचूसारख्या हिरव्या होतात. त्यांच्या भाषेत लसूण आणि हिशेब हे शब्द सारखे ऐकू येतात. म्हणून पूर्वी ज्याची उधारी थकली असेल त्याच्या घरी दुकानदार हा लसूण पाठवायचा म्हणे. तोंडानं काही मागायचं नाही, बरणी बोलते. आमच्या गटाच्या सचिव लगेच म्हणाल्या, दोन बरण्या घालून ठेवूया.

रात्री टेबल मांडलं. आधी गार पदार्थ, मग एकेक गरम. मध्ये अख्खा मासा, डोक्याशेपटीसकट. मासा आणि शिल्लक हे शब्दही त्यांच्याकडे सारखेच, म्हणून मासा पूर्ण संपवायचा नाही. थोडा ठेवायचा, म्हणजे वर्षभर घरात काहीतरी शिल्लक राहील. ताटं वेगवेगळी वाढत नाहीत. पदार्थ मध्ये, प्रत्येकाच्या हातात वाडगा आणि काड्या. त्या काड्या वाडग्यात उभ्या खोचायच्या नाहीत, मेलेल्या माणसापुढच्या उदबत्तीसारख्या दिसतात.

आता आम्ही सगळ्यांनी एकदमच विचारलं, शेवटी कोण जेवलं?

मुलगी जरा थांबली. म्हणाली, तसं सगळे एकाच टेबलावर बसतात. बाप्यांची पंगत आधी, बायांची नंतर, असं नाही. पण गरम पदार्थ गरमच यायला हवा, म्हणून परतणारी उभीच राहते. थोरली सून "या, बसा, सुरू करा" म्हणत एकेक पदार्थ आणत होती आणि बाकीचे "तूही ये, तूही ये" म्हणत खात होते. ती बसली तेव्हा मासा निवला होता. आजी म्हणाली, माझ्या वेळी पाहुणे आले की सुनांनी टेबलाला यायचंच नाही, स्वयंपाकघरात उरलंसुरलं खायचं. त्या मानानं हे बरं.

आणि मासा कुणी केला होता? थोरल्या मुलानं. चीनमध्ये पुष्कळ पुरुष स्वयंपाक करतात, शहरांत तर रोजचा करतात, शांघायचे नवरे त्यासाठी प्रसिद्धच आहेत. या घरात सणाचा मासा त्याचा. टेबलावर सगळे म्हणाले, वा, काय मासा झालाय. आठ दिवस टोफू दळणारी, शेकड्यानं मांतोऊ वाफवणारी समोर बसली होती. मांतोऊ छान झालाय असं कुणी म्हणालं नाही. मांतोऊ काय, असतोच. आम्हाला पुरुषांनी स्वयंपाक करण्याचं कौतुकच आहे, गैरसमज नको. फक्त कौतुक जरा चाळणीपर्यंतही पोहोचावं.

जेवता जेवता धाकटी सून उठून अंगणात गेली. हाडं गोठवणारी थंडी. मुलगी आणि तिची मैत्रीण मागोमाग गेल्या, तर ती भिंतीला टेकून मोबाइलवर आईशी बोलत होती. पडद्यावर तिचे आई-वडील दिसत होते, शेजारच्या शानशी प्रांतातल्या एका छोट्या गावात. टेबलावर दोन वाडगे, दोनच माणसं. ही त्यांची एकुलती एक. तिच्या जन्माच्या वेळी एकच मूल हा सरकारी नियम होता. आई विचारत होती, जेवलीस का, किती प्रकारचे ज्याओझ केले, पोर जवळ आली का. ही म्हणाली, आली, आली.

तिकडची जुनी रीत अशी की लग्न झालेल्या मुलीनं वर्षाची शेवटची रात्र माहेरी काढायची नाही, त्यानं माहेराचं वाईट होतं. तिनं सासरी जेवायचं आणि माहेरी जायचं ते नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी, नवऱ्याला आणि खाऊ घेऊन. भाषेतच बघा, आईकडच्या आजी-आजोबांना आणि लेकीच्या मुलांना जी नाती लावतात, त्यांत "बाहेरचे" असा शब्द असतो. पूर्वी घरात चार मुलं असायची, लेक नसली तरी सुना असायच्या, टेबल भरायचं. पण ज्यांना एकच लेक, त्यांनी काय करायचं? ही तिथल्या लाखो घरांतली सणातली मोठी भांडणाची गोष्ट आहे. यंदा तुझ्याकडे की माझ्याकडे. काही जोडपी एक वर्ष इकडं, एक वर्ष तिकडं करतात. काही दोन्हीकडच्या आई-वडिलांना एकत्र बोलावतात. काही आपापल्या घरी जातात. आणि बऱ्याच ठिकाणी पहिल्यासारखंच चालतं.

धाकटी सून आत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. थंडीनं, असं ती म्हणाली. आजीनं तिच्या वाडग्यात ज्याओझ वाढले आणि थोड्या वेळानं, कुणाकडं न बघता, बोलली. मैत्रिणीनं ते या मुलीला हळूच सांगितलं. आजी म्हणाली, "लग्न होऊन आले त्यानंतर या रात्री मी माझ्या आईला कधी बघितलं नाही. ती गेली तेव्हाही सणच होता, दुसऱ्या दिवशी गेले तर दार लागलेलं. पुढल्या वर्षी तू तिकडं जा. पोरीलाही ने."

धाकटा मुलगा म्हणाला, लोक काय म्हणतील? आजी म्हणाली, लोकांना चुलीचा देव सांगेल, त्याचं तोंड चिकटवलंय.

नाणं त्या रात्री सहा वर्षांच्या पोरीला मिळालं. तिनं ते चाटून पुसून आईच्या हातावर ठेवलं. आईजवळ बसली मात्र नाही. ती बसली चौथ्या दिवशी, आणि सातव्या दिवशी आई-बाप परत थ्येनचिनला गेले.

आम्ही विचारलं, मग पुढल्या वर्षी गेली का ती माहेरी?

गेली. २०२० साली त्यांच्या वर्षाची शेवटची रात्र २४ जानेवारीला होती. धाकटी सून, नवरा आणि पोर दोन दिवस आधी शानशीला पोहोचली. २३ जानेवारीला वुहान शहर बंद झालं आणि त्यानंतर गावागावांनी आपापले रस्ते माती टाकून, खांब घालून अडवले. कुणाला गावात येता येईना, गावातून जाता येईना. आमची मुलगी तेव्हा सुट्टीला इकडं आलेली, तीही इकडंच अडकली, पुढं कितीतरी महिने मोबाइलवरच शिकली. तिला मैत्रिणीचा फोन आला. काकू माहेरी अडकली म्हणाली. एक रात्र जेवायला गेलेली बाई मार्च उजाडला तरी आईच्या घरी होती. सहा आठवडे. जावई रोज सासऱ्याबरोबर पीठ मळत होता आणि पोर आता आईला सोडत नव्हती.

इकडं आजीच्या टेबलाला तीन माणसं कमी होती. थोरल्या सुनेनं सवयीनं शेकड्यानं मांतोऊ करून ठेवले होते. रस्ते बंद, कुणी येणार नाही, कुणाला द्यायचे नाहीत. आजी, मुलगा, सून आणि नातवंडं मार्चपर्यंत तेच वाफवून खात बसली. फोनवर आजी धाकट्या सुनेला रोज एकच विचारायची, आज काय केलंस जेवायला? आणि तिनं सांगितलं की हिनं लगेच विचारायचं, आणि तुझ्या आईनं?

पुढल्या भागात आमच्या गटातल्या दोघी भेटतील, हिरव्या लसणाच्या बरणीसकट. लसूण हिरवा झाला की नाही ते तेव्हाच सांगू. नमस्कार.